सत्तावीस अधिक सत्तावीस

स्नेहमेळाव्यातील भाषण



संयोजकांनी आम्हा प्रत्येक वक्त्याला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय आवडीचा घ्या, फक्त ऑफिसचा नको, अशी प्रेमळ ताकीदही दिली आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरबद्दल आज चकार शब्द नाही, निदान शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत तरी नाही. मी एका फलंदाजाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर दरवर्षी वाचलेलं आहे. दुलीप करंडक. पश्चिम विभाग, दक्षिण विभाग वगैरे जिथे खेळतात तो. करंडक सगळ्यांना माहीत असतो, पण दुलीप कोण म्हटलं की बहुतेक जण रणजीपर्यंत पोचतात आणि थांबतात. रणजींचा पुतण्या, एवढंच.

पुतण्या हे खरंच आहे. कुमार श्री दुलीपसिंहजी यांचा जन्म १३ जून १९०५ चा, काठियावाडातल्या सरोदरचा. काका रणजितसिंहजी म्हणजे नवानगरचे जामसाहेब, आणि त्याआधी इंग्लंडकडून खेळलेले जगप्रसिद्ध फलंदाज. दुलीप आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, मग इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या शाळेत आणि पुढे केंब्रिजला शिकला. खेळला तो विद्यापीठाकडून, ससेक्स या काउंटीकडून आणि शेवटी इंग्लंडकडून. मधल्या एका हिवाळ्यात, १९२८-२९ मध्ये, हिंदू संघाकडूनही खेळला. शाळा सोडल्यापासून धरलं तर त्याला जेमतेम नऊ उन्हाळे मिळाले. त्यातला एक जवळजवळ सगळा आजारपणात गेला. ऑगस्ट १९३२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याचं क्रिकेट संपलं.

तो हौशी खेळाडू होता. या शब्दापाशी थोडं थांबू या. आपल्याकडे हौशी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती ऑफिस सुटल्यावर तालीम करणारी, राज्य नाट्य स्पर्धेसाठी घरचा कोच आणि पडदे उचलून नेणारी मंडळी. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो, ते कौतुकानं. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये मात्र हौशी आणि व्यावसायिक ही जवळजवळ वर्णव्यवस्थाच होती. हौशी खेळाडू पैसे न घेता खेळायचा, म्हणून तो सद्गृहस्थ. व्यावसायिक पैसे घेऊन खेळायचा, म्हणून तो नोकर. दोघं एकाच संघात. पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, आणि कित्येक मैदानांवर आत येण्याचं फाटकही वेगळं. कर्णधार शक्यतो हौशीच. इंग्लंडच्या कसोटी संघाला विसाव्या शतकातला पहिला व्यावसायिक कर्णधार, लेन हटन, मिळायला १९५२ साल उजाडलं.

गंमत म्हणजे हा भेद धावफलकाच्या छापील कागदावरही पाळला जाई. हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. १९५० मध्ये लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस या तरुण व्यावसायिकाची आद्याक्षरं चुकून आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली. सद्गृहस्थ विरुद्ध खेळाडू असा दोघांमधला सामना १८०६ पासून भरत असे. तो १९६२ मध्ये शेवटचा झाला आणि त्याच वर्षाअखेर हा भेदही रद्द झाला. तोवर काही हौशी मंडळींना क्लबाचं सचिवपद देऊन मागच्या दारानं पगार मिळायचा, तो भाग वेगळा.

दुलीपचं नाव धावफलकावर के. एस. दुलीपसिंहजी असं छापलं जाई. आद्याक्षरं आधी, म्हणजे हौशी. पण हे के. एस. म्हणजे काय? तर कुमार श्री! आपल्या हजेरीपटावर 'कु.' लिहायचे आणि लग्नपत्रिकेवर 'श्री.' लिहितात, तेच. उपाधीचीच आद्याक्षरं झाली. बाई, तुमच्या वर्गात हे कुणी केलं असतं तर तुम्ही लाल शाईनं गोल केला असता.

आता खेळाकडे. १९२७ चा हंगाम त्यानं केंब्रिजकडून यॉर्कशायरविरुद्ध १०१ धावांनी सुरू केला. मग मिडलसेक्सविरुद्ध नाबाद २५४. तेव्हा तो बावीस वर्षांचाही नव्हता. इंग्लंडमधला मे महिना म्हणजे आपल्याकडचा मे नव्हे. त्या वर्षी बोचरे वारे सुटले होते. दुलीपला न्यूमोनिया झाला आणि उरलेला हंगाम हातचा गेला. हवापालटासाठी त्याला स्वित्झर्लंडला पाठवलं. त्या काळी फुप्फुसाच्या दुखण्यावर डोंगरातली हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच इलाज होता. आपल्याकडे नाही का, मिरजेला किंवा पाचगणीला पाठवत. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं ते १९४३ मध्ये. म्हणजे दुलीप जे काही खेळला त्याचा बराचसा भाग, आपल्या छातीवर भरवसा ठेवता येत नाही हे ठाऊक असताना खेळला.

१९२८ मध्ये तो परत आला. त्यानंतरचे तीन उन्हाळे पाहा. १९२९ मध्ये अडीच हजारांवर धावा, १९३० मध्ये अडीच हजारांवर, १९३१ मध्ये पुन्हा अडीच हजारांवर. १९२९ मध्ये हेस्टिंग्जला केंटविरुद्ध एकाच सामन्यात ११५ आणि २४६. विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकानं १९३० च्या अंकात वर्षातल्या पाच खेळाडूंत त्याची निवड केली.

कसोटीतलं पदार्पण मात्र फिकं झालं. १९२९ मध्ये बर्मिंगहॅमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२ आणि १. लगेच त्याला वगळलं, आणि त्या मालिकेत पुन्हा घेतलं नाही. दक्षिण आफ्रिकेला गोऱ्यांच्या संघात भारतीय नको होता म्हणून हे झालं, असं तेव्हाही बोललं गेलं आणि नंतरही. दुलीपनं त्यावर तोंड वाजवलं नाही. पुढच्या हिवाळ्यात न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये त्यानं ११७ धावा केल्या.

मग आला १९३०. ७ मे रोजी होव्हच्या मैदानावर ससेक्सचा सामना नॉर्थम्पटनशायरशी होता. दुलीप फलंदाजीला आला आणि साडेपाच तासांत, एकाच दिवसात, ३३३ धावा काढून गेला. ससेक्सकडून तोवरची सर्वांत मोठी खेळी होती नाबाद २८५, आणि ती कुणाची? काकांची, १९०१ सालची. पुतण्यानं मोडलेला तो विक्रम मग ७३ वर्षं टिकला. २००३ मध्ये मरे गुडविननं नाबाद ३३५ धावा केल्या तेव्हा तो मागे पडला.

या खेळीतली मला सर्वांत आवडती गोष्ट वेगळीच आहे. सहाव्या जोडीसाठी त्या दिवशी २५५ धावांची भागीदारी झाली. दुलीपच्या जोडीला होता मॉरिस टेट, इंग्लंडचा नामवंत जलदगती गोलंदाज आणि ससेक्सचा व्यावसायिक खेळाडू. एकाची आद्याक्षरं आधी, दुसऱ्याची नंतर. बावीस यार्डांवर मात्र दोघं एकमेकांच्या हाकेवर धावत होते. त्या खेळात हाक दिली की 'आधी तुम्ही' म्हणायची सोय नसते.

पुढच्याच महिन्यात लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी होती. दुलीपची ऑस्ट्रेलियाविरुद्धची पहिलीच. रणजींनी १८९६ मध्ये मँचेस्टरला आपल्या पहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १५४ धावा केल्या होत्या. ते आता प्रेक्षकांत बसले होते. दुलीपनं १७३ धावा केल्या आणि दिवस संपत आला असताना उंच फटका मारून बाद झाला. झेल ब्रॅडमन, गोलंदाज ग्रिमेट. पोरगा पहिल्यापासून निष्काळजीच, असं काका म्हणाल्याचं सांगतात. १७३ काढून आलेल्या पोराला हे ऐकून घ्यावं लागलं! आपल्यापैकी ज्यांना ९४ टक्क्यांवर 'उरलेले सहा कुठे गेले?' असं घरी विचारलं गेलं, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. राजवाड्यातही हेच चालायचं.

१९३२ मध्ये दुलीप ससेक्सचा कर्णधार झाला. त्या वर्षीची एक तारीख आपल्या ओळखीची आहे. २५ जून १९३२ रोजी भारतानं लॉर्ड्सवर आपली पहिली कसोटी खेळायला सुरुवात केली. दुलीप त्या सामन्यात नव्हता, ना या बाजूला ना त्या बाजूला. तो होता ससेक्ससोबत, आणि ससेक्सचा संघ त्या वर्षी अजिंक्यपदाच्या शर्यतीत यॉर्कशायरच्या मागोमाग धावत होता. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी दुलीपची निवडही झाली. तोच दौरा, जो पुढे शरीरवेधी गोलंदाजीमुळे गाजला. पण ऑगस्टमध्ये त्याच्या छातीनं साफ नकार दिला. हंगामाचे शेवटचे सामने त्याच्याविना झाले. ससेक्स दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. दौऱ्यातून त्यानं नाव मागे घेतलं आणि पुन्हा प्रथम श्रेणीचा सामना खेळला नाही.

हिशेब असा. प्रथम श्रेणीचे २०५ सामने, १५,४८५ धावा, ५० शतकं, बहुतेक स्लिपमध्ये घेतलेले २५६ झेल. कसोट्या १२, धावा ९९५, शतकं तीन, सरासरी ५८.५२. हजाराला पाच कमी. एक चौकार आणि एक धाव.

या पाच धावांनी मला बरेच दिवस अस्वस्थ केलं होतं. आपल्याला पूर्ण आकड्यांची सवय असते. पण एकदा मी सहज वजाबाकी केली. जन्म जून १९०५. क्रिकेट थांबलं ऑगस्ट १९३२ मध्ये. मृत्यू ५ डिसेंबर १९५९ रोजी, आपल्या मुंबईत, हृदयविकारानं. म्हणजे आधी सत्तावीस वर्षं आणि नंतर सत्तावीस वर्षं. बॅट खाली ठेवली तेव्हा त्याचं निम्मं आयुष्य शिल्लक होतं. आपण ज्याला 'अकाली संपलेली कारकीर्द' म्हणतो, ती त्याच्या आयुष्याच्या बरोबर मध्यावर संपली.

दुसऱ्या सत्तावीस वर्षांत त्यानं काय केलं? १९४९ मध्ये तो स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेत गेला आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये भारताचा उच्चायुक्त झाला. इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाचा तो दौरा करायचा राहून गेला होता. त्या देशात तो आता गेला तो भारताचा प्रतिनिधी म्हणून. १९५३ मध्ये परतल्यावर सौराष्ट्र राज्याच्या लोकसेवा आयोगाचा अध्यक्ष झाला. म्हणजे मुलाखती घेणं, माणसं निवडणं. ३३३ धावांच्या मानानं हे काम फारच रुक्ष. अशा कामाचा धावफलक छापला जात नाही. त्याच्या मृत्यूनंतर १९६१-६२ पासून त्याच्या नावाचा करंडक सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो आपल्या पश्चिम विभागानं जिंकला.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर हे भाषण फारच गोड होईल. दुलीपला थांबता आलं, कारण तो हौशी होता. त्याच्या हौसेचं मोल नवानगरच्या गादीनं भरलं होतं. औषध, विश्रांती, थंड हवा, सगळ्याची सोय होती. हेच दुखणं मॉरिस टेटसारख्या व्यावसायिकाला झालं असतं तर? खेळ थांबला की कमाई थांबली. कित्येक वर्षं चाकरी केल्यावर क्लब एक सामना त्याच्या नावानं भरवायचा आणि त्याचं उत्पन्न त्याला द्यायचा, तीच म्हातारपणाची पुंजी. तोवर टिकला तर. तेव्हा दुलीपच्या शांतपणाचं कौतुक करताना, तो शांतपणा परवडणारा होता हेही लक्षात ठेवायला हवं.

आता ती शेवटची पाच मिनिटं. मी आमच्या कंपनीत अधूनमधून मुलाखती घेते. आमच्या अर्जात एक रकाना असतो: एकूण अनुभव, वर्षे आणि महिने. आणि मध्ये कुठे खंड पडला असेल तर त्याचं कारण. हा खंडाचा रकाना भरणाऱ्यांत बायका जास्त असतात. बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, नवऱ्याची बदली, स्वतःचं दुखणं. सात वर्षं उत्तम काम केलेली बाई समोर बसते आणि बोलायला सुरुवात करते ती थांबलेल्या वर्षांबद्दल, खाली मान घालून. तिनं केलेल्या कामाबद्दल मला खोदून खोदून विचारावं लागतं.

हाच रकाना आज आपल्या स्मरणिकेतही आहे. परिचयाच्या पानासाठी सगळ्यांनी माहिती पाठवली. नाव, गाव, व्यवसाय, पद. संपादक मंडळानं मदतीला बोलावलं म्हणून ते सगळे अर्ज मी वाचले. व्यवसायापुढे आपल्या अकरा जणींनी रेघ मारली आहे. दोघींनी लिहिलं आहे, 'विशेष काही नाही'. त्यातल्या एकीचं नाव मी घेणार नाही, पण तुम्ही ओळखाल. ती आपल्या शाळेकडून खो-खो खेळायची, मग तालुक्याकडून आणि शेवटी जिल्ह्याकडून. खांब मारून ती वळली की समोरच्या संघाला ती कोणत्या बाजूनं गेली हे कळेपर्यंत गडी बाद झालेला असायचा. दहावीनंतर तिचं खेळणं बंद झालं. तीन हंगाम, बस्स.

दुलीपशी तिची तुलना करताना फरक डोळ्याआड करता येत नाही. त्याला आजारानं थांबवलं, तिला माणसांनी. त्याच्यामागे गादी होती, तिच्या बुटांसाठी आपण वर्गणी काढली होती. तिच्यावर जो अन्याय झाला तो 'छोटी कारकीर्दही छान असते' असं म्हणून पुसता येणार नाही, आणि तसं कुणी म्हणू नये. तिला आणखी खेळायला मिळायला हवं होतं. पण ती जे खेळली ते 'विशेष काही नाही' कसं होईल? होव्हवरच्या ३३३ धावा १९३२ नंतर कमी झाल्या का?

आपण आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. या सभागृहात काही जण नोकरीतून बाहेर पडलेत, काहींना बाहेर काढलं गेलं आहे, काहींनी दुकान बंद केलं आहे, काहींच्या तब्येतीनं नकार दिला आहे. सकाळपासून मी ऐकते आहे, 'सध्या काय?' या प्रश्नावर कितीतरी जण चहाचा कप घेऊन दुसरीकडे सरकले. दुलीपच्या हिशेबानं पाहिलं तर निम्मा डाव अजून बाकी असू शकतो. तो कदाचित रुक्ष कामात जाईल, तिथे टाळ्या नसतील. जाऊ दे. पण आधीचा डाव आपण स्वतःच्या हातानं खोडायचं कारण नाही.

म्हणून संपादक मंडळाला माझी जाहीर विनंती आहे. परिचयाचं पान अजून छपाईला गेलेलं नाही. त्यात 'सध्या' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना वाढवावा. मथळा साधा ठेवावा: 'काय केलं'. किती वर्षं केलं ते विचारू नये. ज्यांनी रेघ मारली आहे त्यांच्याकडे उद्या दुपारच्या जेवणापर्यंत मी स्वतः कागद घेऊन येणार आहे, आणि त्या खो-खोच्या खेळाडूनं नाही लिहिलं तर मी लिहीन. आद्याक्षरं कुठे घालायची ते तिनं ठरवावं.

आणि आता, पाचवीत बाईंनी शिकवलं होतं तसंच, एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.